दाट ऑइल

गाडी अजून वळणापलीकडे होती, तेवढ्यात बोआहेनने ती ओळखली.

सुआमेच्या त्या गॅरेजांच्या भागात सकाळपासून हातोडे, कानशी आणि पत्रा कापायची यंत्रं असा कल्ला करतात की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. पण उभं आयुष्य इंजिनांच्या संगतीत काढलेल्या माणसाचा कान निराळा होतो. त्या गदारोळाखालून त्याला एक खोल ठोका ऐकू आला. बंद दारावर आतून कुणीतरी मुठीने मारत असावं, तसा. हातातला पाना त्याने फडक्यावर ठेवला आणि मनात म्हणाला, ही इकडे नको यायला.

ती इकडेच आली. पांढरी, दारांना खालून गंज धरलेली व्हॅन. महिन्याभरापूर्वी याच शेडमध्ये उभी होती, तेव्हा तिच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं. आता निळ्या अक्षरांत 'पोकुआ ब्रेड' असं रंगवलं होतं.

"बोआहेन! जिवंत आहेस का रे?" दार उघडायच्या आधीच मामे पोकुआचा आवाज बाहेर आला.

मेहुण्याने, अँट्वीने, गाडी विकली एवढंच बोआहेनला माहीत होतं. कुणाला विकली, हे त्याने विचारलंच नव्हतं. नाव कळलं नाही की चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसला नाही की झोप लागते.

मामे पोकुआ उतरली. वडीलधाऱ्या बाईला इथे आदराने मामे म्हणतात. अंगाने भरलेली, कोपरापर्यंत पीठ, हातात कागदात गुंडाळलेला पाव. ओल्ड टाफोत तिची मातीची भट्टी होती. बोआहेनच्या मुली तिचाच पाव खात शाळेत गेल्या होत्या. तिच्या नवऱ्याची जुनी मोटार तो मरेपर्यंत बोआहेनच बघायचा, आणि त्याला मूठमाती द्यायला जाणाऱ्या गाड्यांत पहिली गाडी बोआहेननेच चालवली होती.

"घे, आत्ताच काढलाय. आणि ही बघ माझी नवी नवरी. घेतली तेव्हा काय मऊ चालायची! आता पोटात दुखल्यासारखं करतेय."

"कुठून घेतलीत, मामे?"

"टेचिमानच्या बाजारातून. मी म्हटलं, आमच्या बोआहेनला दाखवते. तर तो दलाल म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक उभंय. आणि आवाज असा गोड, की मला वाटलं, ह्यात काय दाखवायचं?"

चाकामागून तिचा ड्रायव्हर अल्हसन उतरला. उंच, काटकुळा, असावासेच्या वस्तीतला. त्याने अदबीने दोन्ही हातांनी बॉनेट उचललं.

"मीच म्हटलं मामेंना, न्यायची तर बोआहेन मास्टरांकडेच न्यायची," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यातच आवाज आला मला. गार असली की कमी, तापली की जास्त. चढावर रेस सोडली की ठक ठक ठक. मास्टर, मला तर रॉडचं बेअरिंग वाटतंय."

"तू फिटर कधीपासून झालास?" बोआहेन म्हणाला.

आजूबाजूची कामावरची माणसं हसली. अल्हसनही ओशाळून हसला आणि एक पाऊल मागे सरकला. त्याचं निदान अगदी बरोबर होतं.

बोआहेनने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. गरज नव्हती. कुठलं बेअरिंग ते त्याला माहीत होतं. तरी लोकांसमोर करायचं म्हणून त्याने एकेका प्लगची वायर काढून बघितली. तिसरी काढल्याबरोबर ठोका दबला. त्याने ती घाईने परत बसवली. आता एकच वाक्य बोलायचं होतं, बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार होता. घेताना मग आवाज का नव्हता? आणि त्याचं उत्तर सुआमेतल्या कोणत्याही पोरसवदा फिटरने देखील दिलं असतं.

"पेट्रोल कुठून भरतोस?" त्याने विचारलं. आपलाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"मशिदीजवळच्या पंपावरून. नेहमीच."

"नेहमी?"

"म्हणजे... एकदा मामपाँगच्या वाटेवर बाटलीतलं घेतलं होतं. पंप बंद होता तेव्हा. एकदाच, मास्टर."

"रॉकेल मिसळतात ते लोक. इंजिन आतून ठोकणारच मग." बोआहेनने बॉनेट आदळलं. "चांगलं पेट्रोल भरा, सावकाश चालवा. बघू मग."

त्याने 'एकदाच' हा शब्द वगळला होता. मामे पोकुआनेही तो वगळला. तिने अल्हसनकडे बघितलं. रागाने नाही. तराजूत काही ठेवल्यावर बघतात तशी. अल्हसन बोआहेनकडे बघत होता. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं.

पाव संध्याकाळपर्यंत बाकड्यावर पडून राहिला. बोआहेनने तो घरी नेला नाही.

खरं तर असलं काम त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. सुआमेत करणारे भरपूर होते. थकलेलं इंजिन, आत रॉड खुळखुळतोय, बाजाराचा दिवस तोंडावर आलेला. चेंबरमधलं पातळ ऑइल सोडायचं, सगळ्यात जाड नंबरचं भरायचं, वर मधासारखं चिकट औषध ओतायचं. झिजून पडलेली फट तेवढ्यापुरती भरून निघते. आवाज झोपी जातो. इंजिन मात्र बरं होत नाही. उलट गार असताना ते दाट ऑइल वेळेवर वर चढत नाही आणि झीज वाढते. असल्या फिटरांची बोआहेन चारचौघांत टिंगल करायचा.

पण अँट्वी त्याच्या बायकोचा, कोनाडूचा, पाठचा भाऊ. शेडला आग लागली होती, तेव्हा सगळे नातेवाईक हळहळून आपापल्या घरी गेले, आणि हा अँट्वी दुसऱ्या दिवशी बांबू आणि पत्रे घेऊन हजर झाला होता. स्वतः वर चढून त्याने छप्पर ठोकलं होतं. गेल्या महिन्यात त्याच छपराखाली गाडी आणून तो म्हणाला, "अकोंटा, एवढं एकच काम. टेचिमानला विकतोय, इकडे कुणाला नाही." घानात मेहुणा मेहुण्याला अकोंटा म्हणतो, आणि त्या हाकेला नाही म्हणणं जड जातं. बोआहेनने मान वर करून पत्र्यांकडे बघितलं आणि कामाला लागला. ऑइल ओतताना त्याने कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

मामे पोकुआने अल्हसनला त्याच आठवड्यात काढलं.

ही बातमी बोआहेनला राहिनाकडून कळली. राहिना म्हणजे अल्हसनची बायको. गल्लीच्या तोंडाशी ती वाकये विकायची, चवळीबरोबर शिजवलेला तांबूस भात. बोआहेन रोज सकाळी तिच्याकडेच खायचा. त्या दिवशी तिने नेहमीसारखा पानावर भात वाढला, वर अंडं ठेवलं, तिखटाची चटणी घातली, आणि पान हातात देता देता धरूनच ठेवलं.

"मास्टर, एक विचारू?"

"विचार."

"स्टँडवर कुणी गाडी देईना त्याला. म्हणतात, रॉकेलवाला आला. स्वस्तातलं भरून वरचे पैसे खिशात घालायचा म्हणतात. मला तो शपथ घेऊन सांगतो, एकदाच घेतलं, बाटलीतलं, नाइलाजानं. मी काय करू? नवरा आहे, खरंच वाटणार ना मला त्याचं." ती थांबली. "पण तुमचा कान खोटं नाही ऐकत. सगळं सुआमे म्हणतं. तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी मानीन. त्याला घराबाहेर नाही काढणार मी, पण मला कळायला तर पाहिजे, मी कुणाबरोबर राहते ते."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. बोआहेनच्या हातात पानाची गरम कड होती. बोलायला यापेक्षा सोपी जागा मिळाली नसती. एक शब्द पुरला असता.

"इंजिनाचं काय असतं, राहिना," तो म्हणाला, "शंभर कारणं असतात. लगेच सांगता येत नाही."

राहिनाने पान सोडलं. तिने मान हलवली. समजलं, अशी. आणि बोआहेनला दिसलं, की ती त्याच्या बोलण्याचा अर्थ 'हो' असाच घेते आहे. मास्टर भला माणूस आहे, बायकोच्या तोंडावर नवऱ्याला चोर म्हणवत नाही, म्हणून आडून बोलतोय, असं तिला वाटलं. तिने त्याच्या पानावर जादा मासा ठेवला.

तो मासा त्याला गिळवला नाही. शेडच्या मागे जाऊन त्याने सगळं पान कुत्र्यापुढे ठेवलं.

दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा कोनाडू उखळात फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "मी मामे पोकुआला सांगणार आहे."

मुसळ थांबलं. कोनाडूला सगळं माहीत होतं. भावासाठी शब्द तिनेच टाकला होता.

"काय सांगणार? अँट्वी ठग आहे म्हणून?"

"मी ठग आहे म्हणून."

"त्याचं नाव आल्याशिवाय तुझं कसं येईल? नीट विचार कर. माझा भाऊ आहे तो. तुझ्या डोक्यावरचं छप्पर..."

"माहितीये मला छप्पर."

"गाडी दुरुस्त करून दे की गुपचूप! बोलव तिला, इंजिन खोल, म्हण, मामे, तुमच्यासाठी फुकट. ती आशीर्वाद देईल तुला."

"आणि अल्हसन?"

कोनाडूने परत मुसळ उचललं, पण ठोका चुकला आणि उखळाच्या काठावर बसला. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या माणसाचं नाव घेऊ नकोस. काल गल्लीत कळलं, तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून त्याची बायको जात नाही. मी तिच्याकडून भात आणणं बंद केलंय."

बोआहेन जेवला नाही. तो तसाच टाफोकडे निघाला.

भट्टीवर दुपारची गडबड होती. पाच-सहा बाया लांब टेबलावर कणिक मळत होत्या, बोलत होत्या, हसत होत्या. मामे पोकुआ लांब फळीने भट्टीत पाव सरकवत होती. व्हॅन अंगणात उभी होती, आणि नवा ड्रायव्हर तिच्या सावलीत झोपला होता.

"आलास? बरं झालं," मामे म्हणाली. "चांगलं पेट्रोल भरतेय रे, तरी वाजतेच. त्या पोरानं पार वाटोळं केलं बघ इंजिनाचं."

"मामे, बाजूला येता का जरा?"

"हात गुंतलेत माझे. बोल की. इथं कोण परकं आहे?"

मग त्याने तिथेच सांगितलं. बायकांसमोर, भट्टीच्या धगीत. पेट्रोलचा काही संबंध नाही म्हणाला. बेअरिंग गाडी विकण्याआधीच गेलं होतं. आवाज बंद करायला जाड ऑइल भरलं, ते या हातांनी. अल्हसनने ओळखलं होतं, आणि मीच त्याला गप्प केलं.

कणकेवरचे हात थांबले. मामे पोकुआने फळी भट्टीतून बाहेर ओढली. तिच्या टोकावरचा एक पाव खाली मातीत पडला. कुणी उचलला नाही.

"कुणासाठी केलंस?"

"केलं मी."

"अँट्वीसाठी. बायकोच्या भावासाठी." तिने स्वतःच उत्तर दिलं. "मला फसवलंस त्याचं मी बघीन. गाडी काय, लोखंड आहे. माझा नवरा गेला तेव्हा तू रडला होतास, ते काही खोटं नव्हतं. पण बोआहेन..." तिचा आवाज चिरकला आणि ती ओरडली, "तू मला त्या पोराला चोर म्हणायला लावलंस! ह्या तोंडानं! त्याच्या आईच्या वयाची मी. ह्या अंगणात, ह्या सगळ्यांच्या देखत! तो पाया पडत होता आणि मी म्हटलं, ऊठ, नाटकं करू नकोस!"

बोआहेन खाली बघत उभा राहिला. एक बाई रडायला लागली होती.

"मामे, इंजिन मी..."

"इंजिन गेलं खड्ड्यात. स्टँडवर जा. माझ्याकडे बोललास ना, तसंच तिथे बोल. हळू नको बोलूस. तुझा आवाज मोठा आहे, मला माहितीये."

ड्रायव्हरांचा स्टँड केजेटिया बाजाराच्या मागल्या बाजूला होता. झाडाखाली बाकं टाकून ते सोंगट्या खेळत बसलेले असत. बोआहेनला सगळेच ओळखत. आरोळ्या झाल्या, कुणी बसायला जागा केली. तो बसला नाही. त्याने मामेने सांगितल्याप्रमाणे सगळं मोठ्याने सांगितलं, गाडी मेहुण्याची होती हेही.

आधी कुणाला खरंच वाटेना. मग एक जाडा ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे मास्टर, गेल्या वर्षी माझ्या गाडीला तुम्ही म्हणालात टॅपेट आहे, ते टॅपेटच होतं, का तुमचा दुसरा मेहुणा होता?"

मोठा हशा पिकला. बोआहेनने तो अंगावर घेतला. हसणं ओसरलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "तो बघा तिकडे आहे तुमचा रॉकेलवाला."

रस्त्यापलीकडे ट्रकमधून सुरणाचे कंद उतरवले जात होते. अल्हसन त्या रांगेत होता, डोक्यावर फडकं, फडक्यावर ओझं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. ओझं टाकून तो आला नाही. नेऊन ठेवलं, परत आला, मग रस्ता ओलांडला.

"अल्हसन," बोआहेन म्हणाला, "तुझं बरोबर होतं. रॉडच होता."

"मला माहीत होतं."

"मी तुझी..."

"मास्टर," अल्हसनने त्याला थांबवलं. त्याच्या आवाजात राग असता तर बोआहेनला बरं वाटलं असतं. "त्या दिवशी तुम्ही इंजिनाला कान लावलात ना, तेव्हा मला वाटलं, सुटलो. म्हटलं, आता मास्टर सांगतील आणि मामेंचा विश्वास बसेल. मीच आणलं होतं तुमच्याकडे. मामे तर जवळच्या फिटरकडे नेत होत्या." त्याने डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. "नंतर मलाच वाटायला लागलं, एकदा घेतलेल्या बाटलीनं खरंच इंजिन गेलं असेल. तुम्ही म्हणालात म्हणजे असेल. राहिनालाही मी तसंच म्हणालो परवा. म्हटलं, माझीच चूक असेल बघ."

पलीकडून मुकादमाने हाक मारली. अल्हसन वळला.

"राहिनाला मी सांगतो," बोआहेन म्हणाला.

"सांगा," अल्हसन म्हणाला. "तिला तुमच्याच तोंडून कळू दे."

त्याने सांगितलं. राहिना पातेलं घासत होती. तिने ऐकून घेतलं, एकदाही वर बघितलं नाही, आणि शेवटी पाणी रस्त्यावर फेकताना म्हणाली, "उद्यापासून दुसरीकडे खा, मास्टर." त्यानंतर ती त्याच्याशी कधीच बोलली नाही.

मामे पोकुआ दोन वडीलधारी माणसं बरोबर घेऊन असावासेला गेली आणि तिने अल्हसनची सगळ्या वस्तीसमोर माफी मागितली. आत ती किती वेळ बसली, काय बोलली, हे कुणी सांगितलं नाही. अल्हसन परत कामावर यायला तयार झाला. गाडी नीट झाल्यावर, एवढंच म्हणाला.

गाडी बोआहेनकडेच आली. मामेने पाठवली, पण स्वतः आली नाही. त्याने इंजिन उतरवलं. चेंबर खोललं तेव्हा ते काळं दाट ऑइल धार न धरता गोळ्यागोळ्यांनी परातीत पडलं, आणि त्यात बेअरिंगचा चुरा चमकत होता. क्रँक घासून आणला, बेअरिंग नवी टाकली, ऑइलच्या सगळ्या वाटा धुऊन काढल्या, आणि त्या इंजिनाला जे लागतं तेच ऑइल भरलं, पाण्यासारखं वाहतं. अँट्वी एकदा येऊन लांब उभा राहिला. "अकोंटा, लोकांत माझी इज्जत ठेवली नाहीस," एवढं बोलून गेला. पुढे सणावारालाही तो आला नाही. कोनाडू भावाकडे एकटीच जायची. जाताना सांगायची नाही, आल्यावर नवऱ्याला जेवायला वाढायची. तिने त्याला बोल लावला नाही, आणि तू बरं केलंस असंही म्हणाली नाही. शेडपुढची गाड्यांची रांग आखडली. गाडी विकायची असली की लोक आता बोआहेनकडे येईनात, आणि घ्यायची असली तरी येईनात.

गाडी न्यायच्या दिवशी मामे पोकुआ आली, ती नसियाला घेऊन. नसिया पलीकडच्या गल्लीतला, बोआहेनच्याच हाताखाली शिकून बाहेर पडलेला फिटर. त्याला मान वर करवेना.

"मास्टर, मामेंनी बोलावलं म्हणून..."

"बघ ना," बोआहेन म्हणाला. "बघायलाच पाहिजे."

त्याने स्वतः बॉनेट उघडून दिलं आणि बाजूला झाला. नसियाने इंजिन चालू केलं, रेस दिली, सोडली. मग मामेला शेजारी बसवून गाडी चढावर नेऊन आणली. तेवढा वेळ बोआहेन शेडच्या दारात उभा होता. शेजारचे फिटर कामात असल्यासारखे खाली बघत होते. व्हॅन परत आली तेव्हा इंजिन इतकं शांत होतं, की चाकांखालचे खडे ऐकू येत होते. नसिया उतरून मामेला म्हणाला, "काही नाही. स्वच्छ आहे." मामेने त्याचे आभार मानले. बोआहेनकडे बघून तिने मान हलवली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात हलवावी तेवढीच.

अल्हसन चाकामागे बसला. शेडसमोर उतार होता, म्हणून कुणीतरी गाडीच्या मागच्या चाकाला दगड लावला होता. बोआहेन वाकला, दगड काढायला त्याने हात आत घातला. दगड रुतला होता, दोन्ही हात घालावे लागले. इंजिन चालूच होतं. अल्हसनने आरशात बघितलं. ब्रेकवर पाय घट्ट ठेवून तो थांबला. बोआहेन दगड छातीशी धरून उठेपर्यंत, मागे सरकेपर्यंत, त्याची बोटं चाकापासून लांब गेल्याची खात्री होईपर्यंत थांबला. मग त्याने गाडी हळूच सोडली.